धुवण

थेंब अजून तिथंच होता — प्लास्टिकच्या पिशवीच्या आतल्या अंगाला, गाठीच्या जरा खाली. कालही तिथंच होता. किंवा कालचा ओघळून गेला असेल आणि हा दुसराच, रात्रीतून त्याच जागी येऊन बसलेला... थेंबाची कोण ओळख ठेवतं. पिशवीला हात न लावता हेमांगीनं मान तिरपी केली. थेंबाच्या पोटात उलटं, इवलं, हिरवं काहीतरी दिसत होतं. ते पान होतं. अर्ध्यावर कात्रीनं कापलेलं, कापल्या जागी तपकिरी कड धरलेलं, पण त्या कडेच्या मागं हिरवं. आणि पानाच्या बगलेत, ज्याला बाबा डोळा म्हणायचे तिथं, तांदळाच्या दाण्याएवढा कोंब. तो परवापेक्षा वाढला होता, की आपण रोज बघतो म्हणून वाढल्यासारखा वाटतो, हे तिला ठरवता येईना.

हिरवं असण्याला तसा काही अर्थ नसतो. हेही बाबांचंच. "घटपर्णीची काडी फसवते बघ. महिना महिना हिरवी राहते, कोंबसुद्धा काढते, आणि खाली मूळ नसतंच. अंगात असतं त्यावर जगते. आपण म्हणतो, लागली..." आणि मग पुढचं ते बोलायचे नाहीत, चष्मा कपाळावर सरकवून नुसते हसायचे, जसं काही त्या झाडानं त्यांची बारीकशी गंमत केली होती आणि ती त्यांना आवडली होती.

काडी उपटून बघायची नाही. ओढूनही बघायची नाही. नवी मुळं केसासारखी असतात, हिसका बसला की तुटतात. म्हणजे लागलेली काडी, लागली का ते बघायला गेलेल्या माणसाच्या हातूनच मरते. मोबाइलवर शोधलं असतं तर हे सगळं आणि याहून जास्त मिळालं असतं. पालघरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, शोधून देणं हाच तिचा रोजचा उद्योग. मुलं पुस्तकाचं अर्धवट नाव घेऊन येत, कधी नुसता मुखपृष्ठाचा रंग सांगत, आणि ती पुस्तक काढून देई. पण या एका बाबतीत तिनं काहीही शोधलं नव्हतं. जे ठाऊक होतं ते बाबांच्या आवाजात ठाऊक होतं, आणि त्यात दुसरा कुठला आवाज मिसळू द्यायचा नव्हता.

तीन काड्या लावल्या होत्या, होळीच्या सुमारास. दोन सडल्या. ही उरलेली.

आतल्या खोलीत एसी चालू होता. रिकाम्या खोलीत. बाबांच्या आजारपणात बसवलेला. पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीशी लावलेली, आणि त्या गुंडाळलेल्या गादीवर तो सकाळपासून गार वारा सोडत होता. बाहेर बोईसरचा मे. हवा इतकी जड की कारखान्यांकडून येणारा आंबूस वास वर न जाता खिडकीच्या गजांवरच बसून राहिलेला. एसीची नळी मागच्या अंगणात एका कॅनमध्ये सोडली होती आणि त्यात टिप... टिप... पाणी जमत होतं. त्या पाण्यासाठी एसी. या झाडाला नळाचं पाणी सोसत नाही, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी तर ते मरतंच. पावसाचं चालतं, नाहीतर हे — हवेतून पिळून काढलेलं, ज्यात काहीच नाही असं.

"लावलास परत?" आई ओल्या हातांनी दारात आली होती. "कोन झोपलंय आत एवढं गार करायला?"

"पाण्यासाठी, आई."

"ठाऊक हाय पाण्यासाठी."

पण ती गेली नाही. लोटलेल्या दाराच्या फटीशी तिनं पाऊल नेलं, गार हवा घोट्यांवर घेतली, आणि जरा वेळानं दुसरंही पाऊल नेलं. "असू दे," म्हणाली. "बरं वाटतं."

बाबा, चंद्रभान तामोरे, मूळ घिवलीचे. घरचे सगळे होड्यांवर. हा एकच मुलगा शिकला, बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागला आणि तिथंच केस पांढरे करून बाहेर पडला. काम पाण्याचं. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं — त्यात काय आहे ते नव्हे, त्यात काही नाही ना, ते. ‘काही नाही’ हे सिद्ध करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, असं ते जेवताना सांगायचे, आणि आई म्हणायची, मग जेवनात काय नाय ते पन सांगा एकदाचं. निवृत्त झाले आणि कुठल्याशा फुलांच्या प्रदर्शनातून हे झाड उचलून आणलं. जन्मभर जे पाणी तपासलं तेच मागणारं झाड! लांबट पानं, पानाच्या टोकाला तंतू, तंतूच्या टोकाला झाकणाची सुरई, आणि सुरईत काठावरून घसरून पडलेल्या मुंग्या-माश्या. आई सुरयांना चंबू म्हणायची. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी, पाळीवर कामाला जाणारी पोरं जिना उतरता उतरता गॅलरीशी थांबायची — "अंकल, ये उंगली भी खायेगा क्या?" बाबा म्हणायचे, "डाल के देख." आणि पोरगं खरोखर हात पाठीमागं न्यायचं.

"याचं पोट वर आहे, हेमा. जे खायचं ते वर खातं. मुळं उपाशी ठेवायची. मुळाशी खत पडलं की झाड गेलं."

दिवाळीनंतर बाबा गेले. त्यानंतर झाडाकडे कोणी फारसं पाहिलं नाही, असा हेमांगीचा समज होता. कॉलेजला सुट्टी लागायच्या आधी शनिवारी-रविवारीच ती पालघरहून यायची, आईजवळ बसायची, कपाटं आवरायची, आणि गॅलरीचं दार बंदच असायचं. होळीच्या आधी एका सकाळी तिनं ते उघडलं. पानं पिवळी पडून कडांनी काळी, सुरया वाळून कागदासारख्या खुळखुळत होत्या. तिनं कुंडीत बोट घातलं. आतलं, मातीऐवजी भरलेलं शेवाळ बुळबुळीत लागलं. वास आला, आणि तो वास ओळखीचा होता, घरचा होता — आणि बोटाला चिकटून वर आलं एक खवलं. बोय माशाचं. टिकलीएवढं, उन्हात धरलं तर आरपार दिसणारं.

तिला सगळं एका क्षणात कळलं. धुवण. मासे धुतल्याचं पाणी या भागात कोणी मोरीत सोडत नाही. घिवलीला काय, एडवणला आईच्या माहेरी काय, ते कढीपत्त्याला जातं, शेवग्याला जातं, दारच्या मोगऱ्याला जातं, आणि त्यावर झाडं अशी माजतात की बघत राहावं. मागच्या अंगणातला आईचा कढीपत्ता वरच्या पोरांच्या खिडकीला टेकला होता. आणि जिनं आयुष्यात कोणाला उपाशी उठू दिलं नाही अशी ही बाई दर रविवारी मासे धुऊन ते पाणी गॅलरीत घेऊन आली असणार. त्यांच्या झाडाला. मायेनंच, दुसरं काही असूच शकत नव्हतं.

खवलं तिनं ओढणीला पुसलं. ती काही बोलली नाही.

बोलता आलं असतं. पण ‘झाड तुझ्या हातानं गेलं’ एवढ्यावर ते वाक्य थांबलं नसतं. ते चालत आतल्या खोलीत गेलं असतं, पलंगापाशी. कारण आजारपणातही आईचा हात सुटायचा — डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलेलं, मूत्रपिंडं थकलेली, पाणीसुद्धा पेल्यानं मोजून, भाजी दोनदा उकडून पाणी फेकून. आणि आई वळून बघायची, कोणी नाही असं पाहून भाताच्या घासावर चिमूट सोडायची. हेमांगीनं ते पाहिलं होतं आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. आता झाडाचं कळलं असतं तर आईनं दोन्ही एका दोऱ्यात ओवलं असतं: खायला घातलं आणि गेलं. हेही, तेही. त्या विचारासोबत आई या घरात एकटी राहिली असती, सोमवार ते शुक्रवार.

म्हणून काडी. झाड उपटून टाकण्याआधी शेंड्याकडचा जो भाग अजून हिरवा होता त्याच्या तीन काड्या. तिला वाटलं होतं, एक जरी लागली तरी झाड परत उभं राहील, आणि मग आधीचं कशानं गेलं हे कोणी विचारणार नाही, कोणी सांगणार नाही. बी धरायचा प्रश्नच नव्हता. झाड नर होतं, आणि याच्यात नर वेगळा, मादी वेगळी. आणि बी रुजलं तरी ते दुसरंच झाड असतं, थोडं याच्यासारखं, थोडं तिसऱ्याच कोणासारखं — लेकीसारखं. काडीचं तसं नाही. काडी लागली तर ते झाडाचं मूल नसतं, तेच झाड असतं. तेच. मागे राहिलेला एक तुकडा जो म्हणतो, मी अजून आहे... हेमांगीला स्वतःच्या या विचाराचा जरा रागच आला. पुस्तकात वाचला असता तर तिनं पान उलटलं असतं.

दुपारी दुधीची भाजी होती. पहिल्याच घासाला तिनं मीठ मागितलं आणि आईनं डबा पुढं केला, स्वतःच्या पानात न घेता. बाबांसाठी आईचा हात आखडवला होता तो आखडलेलाच राहिला होता. आता या घरात सगळंच अळणी शिजायचं.

"खारं आणू का थोडं? काशी येनार हाय आज," आई म्हणाली.

"नको."

खारं, मिठात मुरवून सुकवलेली मासळी. नको त्या वेळी नको तो शब्द... दिवाळीच्या आधी मध्येच चार दिवस बाबांना बरं वाटत होतं. उशीला टेकून बसले होते, आणि एकदम, लहान मुलानं शाळेला सुट्टी मागावी तसे, म्हणाले होते, "हेमा, खाऱ्याचा एक तुकडा मिळेल का गं? भाजून. एवढासाच." त्यांनी दोन बोटांमध्ये दाखवला होता तुकडा. आईला विचारलं नव्हतं. कारण त्या दिवसांत परवानग्या हेमांगीकडे होत्या. ती म्हणाली होती, बरं वाटू दे अजून, मग. आणि पेला भरून, किती भरला ते बघून, त्यांच्या हातात दिला होता. मग स्वयंपाकघरातून वास आला. आई गॅसवर चिमट्यात धरून तुकडा भाजत होती. भाजून बशीत ठेवला, वर बशी झाकली, निघाली. हेमांगी दारातच उभी होती. तिनं आवाज चढवला नाही, काही समजावलंही नाही. "आई, मिठात मुरलेलं असतं ते," एवढंच म्हणून बशी आईच्या हातातून घेतली. आईनंही दिली. पण तो वास कुठं जाणार? तो खोलीत गेलाच होता. बाबा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाच्या नाकपुड्या अशा हलत नाहीत.

मी बरोबर होते. डॉक्टरही तेच म्हणाले असते.

तुकडा नंतर मागच्या अंगणातल्या मांजरीनं खाल्ला, आणि त्याबद्दल या घरात पुन्हा कोणी शब्द काढला नाही.

जेवणानंतर गॅलरीत ऊन फिरलं. ते थेट पिशवीवर यायच्या आत पेला सावलीत सरकवायला हवा होता. लस्सीचा मिळतो तसला पारदर्शक पेला, त्यात शेवाळ, त्यात काडी, आणि वरून पिशवी. तिनं तो तळाशी धरून उचलला, डोळ्यांच्या पातळीला आणला, आणि तिला दिसलं. तळाशी, प्लास्टिकला चिकटून, ओल्या शेवाळातून एक काळा धागा उतरला होता. त्याच्या बाजूला दुसरा. काळे, बारीक, कुजल्यासारखे. आधीच्या दोन काड्यांच्या बुंध्याला सडताना आला होता तसाच काळा रंग.

तिसरीही.

आश्चर्य वाटलं नाही, हेच आधी जाणवलं. मग खालून वर काहीतरी चढत आलं, ज्याला ती इतके दिवस दुःख समजत होती, पण ते दुःख नव्हतं. तिला ओरडायचं होतं. आई, तू. तूच. तुला कळत नाही का कुठं थांबायचं... वाक्य पूर्ण तयार होतं, केव्हापासून तयार होतं, बशी झाकून ठेवावी तसं. आता सांगावंच लागेल, तिला वाटलं. आणि त्याहून भयंकर हे की, आता सांगता येईल.

"वयनी! ओ वयनी! दार उघडा, की त्या झाडानं गिळलं तुमाला?"

काशीबाई. बाबांची चुलतबहीण, घिवलीहून टोपली घेऊन बोईसरच्या इमारती फिरायची, आणि भरती-ओहोटी जशी असेल तशी कधी सकाळी, कधी अशी दुपार कलल्यावर. मागच्या दारानंच यायची. हेमांगी पेला हातात घेऊन तशीच अंगणाच्या पायरीवर आली.

"तुला कोन गिळतंय काशे," आई म्हणाली. "चार दिस लागतील चावायला."

"अगो, गिळनाऱ्यालाच चावीन मी!" काशीबाईनं टोपली उतरवली, वरचं ओलं फडकं काढलं. "बोय हाय. बघ कशी. आज नाय बोललीस तर तुझं माझं नातं तुटलं. आन् बाय, तू? कालेजला सुट्टी हाय ना तुझ्या? मंग तोंड का असं, परीक्षेला बसल्यावानी?"

हेमांगी हसल्यासारखं करून उभी राहिली.

"ह्यो काय पेला? दादाचं झाड? अजून एवढंच?" काशीबाईनं मान पुढं काढली. "पिशवीत घालून ठेवलंय, बाळंतिनीच्या खोलीवानी. माझ्या सुनेनं मोगऱ्याची काडी खोचली निस्ती, कळ्या पन आल्या. धुवन घाल त्याला, धुवन! दादाचं झाड हाय, घिवलीचं रगत. मासळीबिगर कसं उठेल?"

आई टोपलीतली बोय उलटीपालटी करून बघत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नाय. त्याला नाय चालत धुवन."

"नाय चालत?"

"नाय. मरतं त्याच्यानं. ह्या दोन दे, आन् ती बारकी नको."

"बारकी मांजरीला घाल गो," असं म्हणत काशीबाईनं ती बारकीही टाकलीच, मग सुनेची तक्रार झाली, तारापूरला कोणाच्या तरी लग्नाला जायचं ठरलं, टोपली डोक्यावर चढली, आणि फाटकापाशी वळून ती हेमांगीला म्हणाली, "खा जरा, बाय. दादाच्या मागं तू पन काडी झालीस." आणि गेली.

अंगणात एसीचं पाणी कॅनमध्ये पडत होतं. टिप. मग पुन्हा टिप.

मरतं त्याच्यानं... हे आईला कधी कळलं? झाड मेल्यावर, झाडावरूनच कळलं असेल. कोणी सांगितलं असेल. हेमांगी उत्तरं जुळवत होती आणि जुळवता जुळवताच तिला कळत होतं की आपण ती उत्तरं दार लावून घेतल्यासारखी एकावर एक लावतो आहोत.

आई पायरीवर विळी मांडून बसली. विळीच्या पात्यावर बोय शेपटाकडून डोक्याकडे सरसर फिरायला लागली. खवलं उडत होती, आईच्या मनगटावर, पायरीवर, एक हेमांगीच्या पायावर. मध्येच आईनं हात पदराला पुसले आणि पेला मागितला. हेमांगीनं दिला. आईनं तो उन्हाकडे धरला, डोळे बारीक केले.

"आली की," ती म्हणाली.

"काय?"

"मुळं. ही काय."

"सडलंय ते, आई. काळं पडलंय."

"सडलंय कुठं? काळीच असतात ह्याची." आईनं पेला जपून, दोन्ही हातांनी, पायरीच्या कडेला सावलीत ठेवला. "कुंडी बदलली ना त्यांनी पावसाळ्यात, हात थरथरायला लागले होते तेव्हा — मीच धरलेली कुंडी. मी पन हेच बोलले, अवो, सडलं तुमचं झाड. एवढे हसले, एवढे हसले... धापच लागली. मला बोलले, काळी असली की समज बरं चाललंय."

हेमांगीला आनंद व्हायला हवा होता. ती आनंदाची वाट बघत उभी राहिली. लागली होती काडी. झाड परत होणार होतं, तेच झाड. पण तिला दिसत होती ती पावसाळी दुपार जिथं ती नव्हती. ते दोघं, मध्ये कुंडी, आणि बाबांचं हसणं. आणि ‘काळीच असतात’ हे वाक्य, जे बाबांच्या आवाजात तिच्याकडे नव्हतं आणि आईकडे होतं.

"मग तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. असं बोलायचं ठरवलं नव्हतं. "मुळाशी काही घालायचं नाही, हेपण."

विळीवरचा मासा थांबला नाही. "होतं की."

"मग —"

"मग काय. पयल्यांदा पाणी घेऊन निस्ती उभी राह्यले त्याच्यापुढं. आन् कढीपत्त्याला ओतलं. परत रविवार आला, परत तसंच. मग एकदा ओतलं थोडं." आईनं मासा उलटा केला. "किती म्हणून ठेवायचं उपाशी माणसाला."

ती झाडाबद्दल बोलत होती. निदान तिची नजर गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीकडे होती.

"खवलं गावलं तुला, तेव्हा मी दारातच होते," आई म्हणाली. "तू काय बोलली नाय." मासा विळीवर सरसर फिरला, पुन्हा फिरला. "मी पन कुठं काय बोलले तुला."

बस, एवढंच. हेमांगीनं त्या आवाजात शोधलं. राग असेल — नव्हता. ठपका असेल, रडू असेल, निदान तिला लागावं एवढी धार तरी... ती एकेक करून बघत गेली, पुन्हा पहिल्यापासून बघत गेली, आणि त्यात काही सापडेना. काहीच नाही हे सिद्ध करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बशी आईच्या हातातून घेतली तेव्हा आईची बोटं जराशी घट्ट झाली होती का? झाली होती. आणि मग सुटली होती. ती स्वतःहून सुटली होती, हे आज, इतक्या महिन्यांनी, खवल्यांनी भरलेल्या या पायरीवर हेमांगीला आठवत होतं. होळीपासून तिला वाटत होतं, की आपण आईला एका गोष्टीपासून झाकून ठेवलं आहे. आणि आई त्याच्याही आधीपासून, दिवाळीपासून, आपल्याला.

"एक तुकडी तव्यावर टाकते तुला," आई म्हणाली. "खाशील ना?"

"हो."

मग हेमांगी म्हणाली, "मीठ नीट घाल, आई."

आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली बघून मासा चिरायला लागली.

हेमांगीनं पेला गॅलरीत त्याच्या जागी नेऊन ठेवला. थेंब ओघळून गेला होता; पिशवीवर त्याची वाट तेवढी उरली होती. ती आतल्या खोलीत गेली, एसी बंद केला, आणि पलंगाच्या उघड्या फळ्यांवर बसली. खोली इतकी गार होती की बाहेरचे आवाज तिच्यापर्यंत येताना कुठून तरी लांबून आल्यासारखे येत होते — वरच्या मजल्यावर कोणीतरी "पानी आ गया, भर ले, भर ले," म्हणून ओरडलं, बादली ओढली गेली. मागच्या दारी आई मासे धुत होती. पातेल्यात पाणी पडलं. हात फिरले. पाणी ढवळलं गेलं.

मग पातेलं उचलल्याचा आवाज आला.

गेले कित्येक रविवार हा आवाज आला की हेमांगीच्या हातातला घास, पुस्तक, फोन, जे असेल ते, थांबायचं. पायरीवरून उजवीकडं कढीपत्ता, डावीकडं गॅलरी. ती कानांनी आईच्या पाठोपाठ जायची, आणि पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात पडल्याचं ऐकल्यावरच श्वास सोडायची. आताही पावलं निघाली. ओल्या चपलांची, जड पातेल्यामुळे जरा रुंद पडणारी. पायरी उतरली. आणि थांबली.

उठावं, असं तिला वाटेना. काडीची भीती शोधायला ती आत आत गेली. ती भीती रोजच्या जागी नव्हती. तिथं बशी होती, झाकलेली, आणि वास होता, आणि उशीला टेकून दोन बोटांमध्ये तुकडा दाखवणारा एक हात. आणि त्याच्याखाली, पार तळाशी, दुसरंच काहीतरी होतं, जे ओळखायला तिला जरा वेळ लागला, कारण ते अगदी साधं होतं. भूक लागली होती.

बाहेर पाणी पडल्याचा आवाज अजून आला नव्हता. ती बसून राहिली.